हायलंडमधील भूमिहरण आणि तेथील स्त्रिया

इ. स. १८१४ च्या जुलै महिन्यांत वॉल्टर स्कॉट याची 'वेव्हर्ली' ही कादंबरी कर्त्याचें नांव न घालतां एडिंबरो येथें प्रसिद्ध झाली. हायलंडचे धुक्यांतले डोंगर, तेथील मानी नायक आणि त्यांचे इमानी अनुयायी यांची मोहिनी या कादंबरीनें सुशिक्षित जगावर घातली; आणि ती मोहिनी पुढें इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या आपल्याकडील ऐतिहासिक कादंबरीकारांपर्यंतहि येऊन पोंचली, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु ही कादंबरी बाहेर पडण्यापूर्वीं महिनाभरच, त्याच हायलंडच्या उत्तर टोंकास, स्ट्रॅथनेव्हर नांवाच्या खोऱ्यांत खऱ्याखुऱ्या हायलंडरांचीं घरें पेटविलीं जात होतीं. एकीकडे गतकाळचा हायलंडर कादंबरींत अमर होत असतां दुसरीकडे जिवंत हायलंडर मेंढरांना जागा करून देण्यासाठीं आपल्या गांवांतून हांकलला जात होता. या दुसऱ्या हकीकतीस इंग्रजी इतिहासांत 'क्लिअरन्सेस', म्हणजे साफसफाई, असें सोज्ज्वळ नांव आहे. आम्ही तीस भूमिहरण म्हणतों.

या भूमिहरणावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या सर्व लिखाणांत एक गोष्ट पुन्हां पुन्हां येते आणि बहुधा ओझरती येऊन जाते. जमीन सोडण्याच्या नोटिसा घेऊन शिपाई खोऱ्यांत शिरले म्हणजे त्यांच्या वाटेंत प्रथम उभ्या राहत त्या स्त्रिया. दगड त्यांनीं फेंकले, नोटिसा त्यांनीं जाळल्या, आणि शिपायांचे सोटेहि पुष्कळदां त्यांच्याच डोक्यांवर बसले. असें कां व्हावें, आणि एवढें सोसून त्यांच्या पदरीं काय पडलें, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तेथील जमिनीची पद्धति थोडक्यांत सांगितली पाहिजे. डोंगराळ मुलुखांतील एकेक खोरें एकेका घराण्याच्या नायकाकडे असे. नायक आपल्या आप्तांस मोठमोठे भाग मक्त्यानें देई व हे मक्तेदार खालच्या कुळांस लहान लहान तुकडे करून देत. कूळ खंड देई, मक्तेदाराच्या शेतावर राबे, आणि नायकाची हांक आली म्हणजे तलवार घेऊन निघे. ज्या खोऱ्यांत आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या राहिले व ज्याच्या रक्षणार्थ त्यांनीं रक्त सांडलें, तेथें राहण्याचा आपला हक्क आहे अशी त्या कुळाची श्रद्धा असे. गेलिक भाषेंत या हक्कास 'दूखस' म्हणत. आपल्याकडील मिरासदारीची कल्पना ज्यांस परिचित आहे त्यांस यांतील भावना समजण्यास अडचण पडणार नाहीं. भेद इतकाच कीं, मिरासदार आपल्या हक्कासाठीं कागद पुढें करी. हायलंडच्या कुळाजवळ केवळ स्मृति होती.

१७४६ च्या एप्रिलमध्यें कलोडनच्या माळावर हायलंडरांचा पराभव झाला आणि दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटनें नायकांचे वंशपरंपरागत न्यायदानाचे अधिकार काढून घेतले. तेव्हांपासून नायकाचा जमीनदार होऊं लागला. पूर्वीं त्याची प्रतिष्ठा त्याच्यामागें किती माणसें उभीं राहतात यावर मोजली जाई. आतां लंडनांत व एडिंबरोंत त्याला किती खर्च करतां येतो यावर ती मोजली जाऊं लागली. अशा वेळीं दक्षिणेकडील मेंढपाळ चेव्हियट जातीचीं मेंढरें घेऊन आले आणि कुळांपेक्षां कितीतरी अधिक खंड देऊं लागले. त्यांना सबंध खोरें मोकळें हवें होतें.

या व्यवस्थेंत स्त्रीचें स्थान काय होतें? पाठीवर करंडी घेऊन शेतांत खत आणि समुद्रकांठचें शेवाळ नेणें, जळणासाठीं दलदलींतून कापलेली माती वाहून आणणें, सूत कातणें, दाणे दळणें हीं कामें मुख्यतः बायकांचीं असत. उन्हाळा लागला म्हणजे गांवांतील स्त्रिया, मुली आणि लहान मुलें गुरें घेऊन डोंगरावरील कुरणांत राहावयास जात. तेथें दगडमातीच्या बुटक्या झोंपड्या असत. दूध काढून लोणी व चीज करणें आणि पुढील हिंवाळ्याची बेगमी करणें हा त्या झोंपड्यांतला उद्योग. खंडाचा पैसा बहुतेक गुरांच्या विक्रींतून येत असल्यानें त्यामागेंहि याच स्त्रियांचे श्रम असत. मेंढपाळांची दृष्टि प्रथम ज्या उंच कुरणांवर गेली तीं हींच. पुरुषाचें शेत जाण्याच्या आधीं पुष्कळ ठिकाणीं स्त्रीचें कुरण गेलें, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे पुढील हकीकतीचा अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा उलगडा खंडाच्या वहींत आहे. त्या वहींत नांव असे पुरुषाचें. स्त्री विधवा झाली तरच तिचें नांव तेथें चढण्याचा संभव असे.

आतां स्ट्रॅथनेव्हरकडे वळूं. सदर्लंड परगण्यांतील या खोऱ्याची मालकी एका स्त्रीकडेच होती. सदर्लंडची कौंटेस एलिझाबेथ ही वडील वारले तेव्हां अवघी एक वर्षाची होती. स्त्रीस हें सरदारपद वारशानें मिळूं शकतें कीं नाहीं, असा वाद उपस्थित झाला व त्याचा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सनें १७७१ सालीं तिच्या बाजूनें दिला. म्हणजे स्त्रीच्या वारसाहक्काचा प्रश्न इंग्लंडच्या श्रेष्ठ न्यायासनापुढें याच जमिनीच्या संबंधांत येऊन गेला होता व स्त्रीनें तो जिंकला होता. पण तो हक्क कौंटेसचा होता. तिच्या कुळांच्या बायकांपर्यंत त्या निकालाचा प्रकाश पोंचण्याचें कारण नव्हतें.

कौंटेसचा कारभारी पॅट्रिक सेलर यानें स्वतःच या खोऱ्यांतील मेंढरांच्या कुरणांचा मक्ता घेतला होता. मालकाच्या वतीनें कुळें उठविणारा आणि उठलेल्या कुळांच्या जागीं येणारा असा तो एकच मनुष्य. १८१४ च्या जूनमध्यें त्याच्या माणसांनीं बॅडिनलॉस्किन येथील एक घर पेटविलें. आंत मार्गारेट मॅकाय नांवाची, शंभरीच्या घरांत आलेली, अंथरुणास खिळलेली वृद्धा होती. कार्ल मार्क्सनें 'कॅपिटल'मध्यें ती ज्वाळांत जळून मेली असें लिहिलें आहे. साक्षीपुराव्यांत मात्र तिला होरपळलेल्या घोंगड्यांसह बाहेर काढण्यांत आलें व ती पांच दिवसांनीं वारली असें आढळतें. १८१६ च्या एप्रिलमध्यें सेलरवर इन्व्हरनेस येथें मनुष्यवधाचा खटला झाला. ज्यूरींत बहुतेक जमीनदार वर्गांतले लोक होते. सेलर निर्दोष सुटला. ज्या न्यायाधिकाऱ्यानें त्यास अटक केली होती त्यालाच पुढें नोकरी सोडून त्याची लेखी क्षमा मागावी लागली. मार्क्सच्या हिशेबाप्रमाणें १८१४ ते १८२० या काळांत या जमिनीवरून सुमारें १५,००० माणसें उठविलीं गेलीं व १८२५ पर्यंत त्यांची जागा १,३१,००० मेंढरांनीं घेतली. उठविलेल्यांस समुद्रकांठीं खडकाळ तुकडे देऊन मासेमारी शिका असें सांगण्यांत आलें.

सदर्लंडच्या खटल्यापासून हायलंडच्या कुळांनीं एक धडा घेतला असावा. न्यायासनापुढें गेल्यानें जमीन राहत नाहीं. ती राखावयाची तर नोटीस बजावूं न देणें हाच उपाय. नोटीस कुळाच्या हातीं किंवा घरीं पोंचेपर्यंत कायद्याचें पाऊल पुढें पडत नसे. म्हणून खोऱ्याच्या तोंडाशींच शिपायास अडवून कागद हिसकावून जाळावे अशी रीत पडली. रॉस परगण्यांतील ग्लेनकॅल्व्ही येथील प्रकार लंडनच्या 'टाइम्स' पत्राच्या बातमीदारानें १८४५ सालीं लिहून ठेवला आहे. तेथील बायका नदी ओलांडून शिपायांस सामोऱ्या गेल्या. ज्याच्या हातांत नोटिसा होत्या त्याचें मनगट कांहींजणींनीं घट्ट धरून ठेवलें आणि इतरांनीं त्या कागदांस पेटता निखारा लावला. कागद त्याच्याच हातांत जळून गेले. परंतु कागद जाळून मिळते ती मुदत. १८४५ च्या मे महिन्यांत ग्लेनकॅल्व्हीच्या सुमारें ९० माणसांस घरें सोडावीं लागलीं व क्रॉइक येथील चर्चच्या आवारांत पालें ठोकून तीं राहिलीं. चर्चच्या खिडकीच्या कांचांवर त्यांनीं ओरखडून लिहिलेलीं अक्षरें आजहि पाहावयास मिळतात.

या कामीं स्त्रियाच पुढें कां? याचीं कारणें तिघांनीं तीन प्रकारें सांगितलीं आहेत. कोणी म्हणतात, पुरुष सैन्यांत, मासेमारीस किंवा मजुरीस दूर गेलेले असत. कोणी म्हणतात, पुरुषांनीं दंगा केला असतां फौज येईल व शिक्षा कडक होईल या भीतीनें ते मागें राहत. आणि तिसरें कारण असें कीं, कोणताहि शिपाई बाईवर हात टाकणार नाहीं असा सर्वांचा विश्वास होता. हीं तिन्ही कारणें आम्हांस मान्य आहेत. पण त्यांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे असें आम्हांस वाटतें. नोटिशीवर बहुतेक स्त्रियांचें नांव नव्हतें. ज्याचें नांव तेथें होतें तो पुढें आला तर कागद त्याच्या हातीं पडे आणि बजावणी पुरी होई. जिचें नांव नव्हतें ती कितीहि जवळ आली तरी तिला कांहीं बजावतां येत नसे. वहींत नांव नसणें हें जें तिचें दुर्दैव तेंच या लढ्यांत तिचें शस्त्र झालें.

या शस्त्राची धार बोथट करण्याचा मार्ग एकच होता, आणि तो १८५४ सालीं सरकारी अधिकाऱ्यांनीं पत्करला. ग्लेनकॅल्व्हीच्या शेजारींच स्ट्रॅथकॅरनच्या खोऱ्यांत ग्रीनयार्ड्स नांवाची वस्ती आहे. जमीनदाराचा कारभारी तोच. तेथील पूर्वींच्या नोटिसा अशाच नष्ट झाल्या होत्या. ३१ मार्च १८५४ रोजीं पहांटे टेलर नांवाचा दुय्यम न्यायाधिकारी सुमारें ३५ शिपाई घेऊन खोऱ्यांत शिरला. वाटेवर साठसत्तर स्त्रिया डोक्यांवरून तांबड्या शाली घेऊन उभ्या होत्या. पुरुष थोडे व मागें. बायकांनीं दगड मारले असें शिपायांचें म्हणणें. बायका निःशस्त्र होत्या व त्या पांगण्यापूर्वींच सोटे चालले असें गांवकऱ्यांचें म्हणणें. आरंभ कोणीं केला हा वाद बाजूस ठेवला तरी शेवट कसा झाला याविषयीं वाद नाहीं. सोट्यांनीं डोकीं फुटलीं, पडलेल्या बायकांस बुटांनीं तुडविलें गेलें, पळणाऱ्यांचा नदीपर्यंत पाठलाग झाला. सुमारें वीस स्त्रिया गंभीर जखमी झाल्या.

डोनल्ड रॉस नांवाचा ग्लासगोचा एक वकील ही वार्ता कळतांच तेथें गेला. त्यानें घरोघर फिरून जखमा पाहिल्या, जबान्या घेतल्या आणि जमिनीवर पडलेलें रक्त व केंसांचे झुबके यांचें वर्णन लिहिलें. इंग्लंडनें रशियाविरुद्ध युद्ध पुकारून तीनच दिवस झाले होते. रशियन क्रूर आहेत असें वर्तमानपत्रें रोज सांगत होतीं. रॉसनें आपल्या पुस्तिकेस 'रॉस परगण्यांतील रशियन' असें नांव दिलें तें त्यामुळें. तिच्यांत त्यानें जखमी स्त्रियांचीं नांवें व प्रत्येकीची इजा यांची नोंद केली आहे. खंडाच्या वहींत ज्यांचीं नांवें कधीं चढलीं नाहींत तीं जखमींच्या यादींत मात्र आढळतात! चौकशी व्हावी म्हणून त्यानें सरकारच्या मुख्य वकिलापर्यंत पत्रव्यवहार केला; त्याचा उपयोग झाला नाहीं. एकाहि शिपायास शासन झालें नाहीं. उलट गांवकऱ्यांपैकींच एक पुरुष व एक स्त्री यांना इन्व्हरनेसच्या न्यायालयानें कारावासाची शिक्षा दिली.

येथें आपल्या इतिहासाशीं संबंध असलेली एक गोष्ट नमूद करतों. सदर्लंडच्या नांवानें उभारलेली ९३ वी पलटण त्याच साली क्रिमियांत बॅलक्लाव्हा येथें नांवाजली गेली आणि १८५७ सालीं हिंदुस्थानांत आली. लखनौच्या सिकंदरबागेंत व पुढें डिसेंबरांत कानपुरास तात्या टोप्यांच्या सैन्यावर जी पलटण चालून गेली ती हीच. मुलगा सैन्यांत दिला तर आपली जमीन सुटणार नाहीं, अशा समजुतीनें सदर्लंडच्या कुळांनीं आरंभीं या पलटणींत माणसें भरविलीं होतीं. परमुलुखांतील जमिनी साम्राज्यास मिळवून देणाऱ्यांच्या नांवाचा प्रांत घरीं ओस पडत होता.

१८५४ हें साल आणखी एका कारणानें स्मरणीय आहे. 'अंकल टॉम्स केबिन'ची कर्त्री हॅरिएट बीचर स्टो ही आदल्या वर्षीं इंग्लंडांत आली होती. अमेरिकेंतील गुलामगिरी नष्ट व्हावी यासाठीं ब्रिटिश स्त्रियांनीं पांच लाखांहून अधिक सह्यांचें एक आवाहनपत्र तयार केलें होतें आणि त्या चळवळीचें केंद्र होतें सदर्लंडच्या डचेसचा लंडनमधील वाडा. ही डचेस म्हणजे कौंटेस एलिझाबेथची सून. हें पाहून मार्क्सनें १८५३ सालीं न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रांत, आपल्या घरच्या भूमिहरणावर संपन्न झालेल्या घराण्यानें परक्यांच्या गुलामगिरीवर अश्रु ढाळावे काय, असा खडा सवाल केला. स्टोबाईनें मात्र १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत सदर्लंडच्या 'सुधारणां'चें समर्थन केलें. त्यासाठीं तिनें घेतलेला पुरावा जमीनदाराच्याच कारभाऱ्याचा होता.

तिला उत्तर दिलें तें डोनल्ड मॅक्लाउड या गवंड्यानें. स्ट्रॅथनेव्हरचीं जळतीं घरें त्यानें तरुणपणीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. पुढें १८३० सालीं तो कामावर गेला असतां त्याच्या बायकोमुलांस घराबाहेर काढून दार बंद करण्यांत आलें होतें. स्टोबाईच्या पुस्तकाच्या नांवांत 'सुप्रसन्न स्मृति' असे शब्द आहेत. मॅक्लाउडनें कॅनडांतून १८५७ सालीं आपलें पुस्तक काढलें त्याचें नांव 'विषण्ण स्मृति'. स्टोबाईच्या अंतःकरणाच्या शुद्धतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण दूरचें दुःख दिसतें आणि जवळचें दिसत नाहीं, हा दोष अंतःकरणाचा नसून कोणाच्या घरीं उतरून आपण पाहतों याचा असतो. ज्या वाड्यांत तिचा सत्कार झाला तेथून ग्रीनयार्ड्सच्या बायका दिसण्यासारख्या नव्हत्या.

यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं काळ पालटलेला दिसतो. स्काय बेटावरील ब्रेझ येथील कुळांचें बेन ली डोंगरावरील कुरण जमीनदारानें काढून घेतलें होतें. तेथील पुरुष मासेमारीसाठीं आयर्लंडच्या किनाऱ्यास जात; तिकडील कुळांची चळवळ पाहून आलेल्या या लोकांनीं कुरण परत मिळेपर्यंत खंड न देण्याचें ठरविलें. नोटिसा घेऊन आलेल्याकडून त्या जाळविण्यांत आल्या. १९ एप्रिल १८८२ रोजीं सुमारें ५० ग्लासगोचे शिपाई पहांटे येऊन पांच पुरुषांस पकडून निघाले तेव्हां अरुंद वाटेवर त्यांना गांवानें गांठलें. पुन्हां स्त्रिया पुढें, पुन्हां दगड, पुन्हां सोटे. गंभीर जखमींत सात स्त्रिया होत्या. परंतु या वेळीं वर्तमानपत्रांचे बातमीदार जवळ होते व तारायंत्र होतें. पकडलेल्यांस केवळ दंड झाला आणि वर्ष संपण्यापूर्वीं बेन लीचें कुरण तडजोडीनें कुळांकडे परत आलें.

या चळवळीची गायिकाहि एक स्त्रीच होती. मेरी मॅक्फर्सन हिला गेलिक लोक 'गाण्यांची थोर मेरी' म्हणत. स्काय बेटावर १८२१ सालीं जन्मलेल्या, वैधव्य आलेल्या या बाईवर १८७२ सालीं मालकिणीचे कपडे चोरल्याचा आरोप येऊन तिला तुरुंगवास घडला. आपण निर्दोष आहोंत असें ती जन्मभर सांगत राहिली. त्या अन्यायाच्या डंखानेंच तिची वाणी फुटली. तिला वाचतां येत असे, लिहितां येत नसे. हजारों ओळी तिनें पाठ म्हणून दाखविल्या व दुसऱ्यानें उतरून घेतल्या. १८९१ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. जमिनीच्या सभांतून तिचीं गाणीं म्हटलीं जात.

ब्रेझच्या प्रकरणानंतर सरकारनें १८८३ सालीं चौकशी मंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे १८६६ पासून १८७२ पर्यंत मद्रासचे गव्हर्नर होते. मंडळाची पहिली बैठक ब्रेझ येथेंच भरली. सातशेंहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. त्यांत स्त्रिया अगदीं विरळा. सोटे खाण्यास ज्या पुढें होत्या त्या साक्ष देण्याच्या वेळीं दिसेनाशा झाल्या. १८८६ सालीं कायदा झाला. खंड नियमित देणाऱ्या कुळास उठवितां येऊं नये, खंड योग्य ठरवावा, जमीन वारसाकडे जावी, सुधारणांची भरपाई मिळावी, हे मोठे हक्क त्यानें दिले. हायलंडच्या इतिहासांत त्याचें मोल फार आहे. पण हक्क मिळाला तो वहींतल्या नांवास. वारसाहि स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें प्रथम वडील मुलाकडे जाई. स्थावराच्या वारशांतील हा पुरुषांचा अग्रमान १९६४ च्या कायद्यानें रद्द झाला. ग्रीनयार्ड्सनंतर ११० वर्षांनीं!

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. हायलंडची लोकसंख्या वाढली होती, १८४६ पासून बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडला होता, कित्येक जमीनदार कर्जांत बुडाले होते, आणि कांहींजणांनीं कुळांस जगविण्यासाठीं पदरचें खर्चिलेंहि होतें, असें दाखविणारे इतिहासकार आहेत. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. मनुष्यांस तेथून केव्हां तरी निघावें लागलेंच असतें असेंहि धरून चालूं. परंतु दुष्काळ अंथरुणांतल्या म्हातारीचें घर पेटवीत नाहीं, आणि लोकसंख्येचे आंकडे बाईच्या डोक्यांत सोटा घालीत नाहींत. तें करण्यास कोणाचा तरी हुकूम लागतो.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानंतर १९९४ सालीं महाराष्ट्रानें व २००५ सालीं सर्व देशासाठीं संसदेनें मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाइतका वांटा दिला. हें स्कॉटलंडप्रमाणें दंगल होऊन, डोकीं फुटून व्हावें लागलें नाहीं, असें म्हणून आपण समाधान मानूं शकतों. तथापि कायद्यांतील वांटा आणि सातबाऱ्यावरील नांव यांमध्यें तलाठ्याची कचेरी असते, आणि तिच्याहि अलीकडे भाऊबहिणींचें प्रेम असतें. हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण ती बहुधा माहेर तुटूं नये म्हणूनच करते. ज्या घरांत हा लेख वाचला जाईल त्यांतील पुष्कळांची थोडीफार शेती गांवीं असेल. तिच्या उताऱ्यावर कोणाकोणाचीं नांवें आहेत हें एकदां पाहून घ्यावें, आणि जिचें नांव नाहीं तिनें त्या शेतांत किती वर्षें काम केलें याचाहि हिशेब त्याच वेळीं करावा.